विहीणबाई आणि फिनेलवाला

जगातल्या कुठल्याही कंपनीने काढलेलं कुठलंही ॲप आमच्या विहीणबाईंनी आजवर वाऱ्यावर सोडलेलं नाही. माणसं ॲप घेतात, पहिल्या खरेदीवरची सवलत पदरात पाडून घेतात आणि आठवड्याभरात ते काढून टाकतात. मीही तेच करतो, तुम्हीही तेच करत असाल. विहीणबाईंना हे वागणं माणुसकीला सोडून वाटतं. त्यांच्या घरात ज्या कंपनीची वस्तू आली त्या कंपनीचं ॲप त्यांच्या फोनमध्ये आलं, आणि एकदा आलं ते कायमचं राहिलं. पंख्याचं आहे, गादीचं आहे, पाणी शुद्ध करायच्या यंत्राचं आहे, भिंतीच्या रंगाचं आहे, चपलांचं आहे, मसाल्याचं आहे. एक ट्रॅक्टरच्या टायरचंही आहे. ट्रॅक्टर विकून जमाना झाला, पण त्यात टायरवाल्याचा काय गुन्हा, असं त्या म्हणतात. ॲप हा शब्द त्या कधी वापरत नाहीत. त्यांच्या लेखी ती सगळी माणसं आहेत : पंखेवाला, गादीवाला, रंगवाला, चपलेवाला. जागा पुरेना म्हणून मागे एकदा फोन अडून बसला, तेव्हा त्यांनी मुलाच्या साखरपुड्याचे फोटो काढून टाकले आणि टायरवाला ठेवला. फोटो काय, दुसऱ्या कुणाकडेही मिळाले असते.

विहीणबाई म्हणजे माझ्या लेकीच्या सासूबाई. राहतात हडपसरला. आमची लेक आणि त्यांचा मुलगा तिथल्या आयटी पार्कात कामाला. कंपन्या वेगळ्या, चहाची टपरी एक. पुढचं आम्हाला कळवण्यात आलं. लग्नाच्या बोलणीसाठी आम्ही शनिवार पेठेतून निघालो तेव्हा, तिथे जाऊन कुणाचं शुद्धलेखन तपासायचं नाही, असं बायकोने मला बजावलं होतं. बोलणी उत्तम चालली होती. कार्यालय हडपसरला की पेठेत, हा नाजूक मुद्दा निघाला आणि तेवढ्यात विहीणबाईंचा फोन किणकिणला. त्यांनी तळहात वर केला. "थांबा पाव्हणं, गादीवाला काय म्हनतो बघते." त्यांच्या बाजूची सगळी मंडळी एकदम गप्प झाली. विहीणबाईंनी चष्मा लावला, मजकूर वाचला, "झाली, चांगली झाली," असं फोनला सांगितलं, काहीतरी दाबलं आणि चष्मा काढला. "हां, बोला. कार्यालयाचं काय म्हनत व्हता?"

बायको माझ्या कानाशी लागली. "ह्यांचे कोणी महाराज दिसताहेत. गादीवरचे."

मलाही तेच वाटलं होतं. होऊ घातलेल्या सोयरिकीचा मान राखावा म्हणून मी शक्य तेवढ्या नम्रपणे विचारलं, "गादी कुठली म्हणायची आपली?"

"आत हाय की. सा इंची," विहीणबाई म्हणाल्या. "कंबरंला लई चांगली. बसून बघता का?"

शेवटी होणाऱ्या जावयाने खुलासा केला. गादीच्या कंपनीचं ॲप रोज झोप कशी झाली ते विचारतं आणि आई रोज उत्तर देते. परतताना रिक्षा पेठेत शिरल्यावर बायको म्हणाली, "गादी परवडली. दक्षिणा मागत नाही." आमच्या घरात संमती याच भाषेत दिली जाते.

लग्न झालं, जाणंयेणं वाढलं, आणि विहीणबाईंची सकाळची फेरी मला जवळून पाहायला मिळाली. चहा झाला की त्या गॅलरीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसतात आणि एकेक ॲप उघडतात. नवीन काही आहे का बघतात, "बरं हाय ना रं बाबा," असं काहीतरी पुटपुटतात आणि बंद करतात. विकत काही घेत नाहीत. मी एकदा न राहवून विचारलं, "विहीणबाई, काही घ्यायचं नसतं, मग उघडता कशाला?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "पाव्हणं, तुमी गरज लागल्यावरच मान्साकडं जाता व्हय?"

आम्ही पेठेतली माणसं गरज लागल्यावरही जात नाही, पण हे काही त्यांना सांगण्यासारखं नव्हतं. मग त्यांनी मला समजावून सांगितलं. त्यांची शेती होती तेव्हा त्या भाजी घेऊन मंडईला जायच्या. ज्याला माल घालायचा त्याला घालायचाच, पण ज्याला घालायचा नाही त्याच्याही गाळ्यावरून जाताना थांबून हाक मारायची, पोरंबाळं विचारायची. न मारली तर दुसऱ्या दिवशी तो तोंड फिरवतो, आणि नेमका तेव्हाच आपला माल पडून असतो. "तसंच हाय हे," त्या म्हणाल्या.

"पण तिथे माणूस होता. हे ॲप आहे."

"ह्याच्या मागं बी कोन तरी बसलेलंच आसनार की. का आपोआप इचारतंय?"

आपोआपच विचारतं, हे माझ्या जिभेवर आलं होतं. पण त्यांचा चेहरा बघितला आणि मी चहा प्यायलो.

त्या एकदा सासवडकडे बहिणीच्या गावी राहायला गेल्या. तिथे फोनला रेंज नव्हती. परत आल्या तर टायरवाल्याचा निरोप पडलेला : 'बरेच दिवस भेट नाही. आम्हाला तुमची आठवण येते.' विहीणबाई हळहळल्या. त्यांनी तो निरोप नवऱ्याला वाचून दाखवला आणि म्हणाल्या, "बघा. टायरवाला असून म्हनतो. तुमी म्हनला का कदी?" आमचे व्याही दिवसाकाठी मोजकंच बोलतात, पण वाया घालवत नाहीत. ते म्हणाले, "सवड कुठं दिलीस?"

या व्याह्यांवर पंखेवाल्याचा फार जाच आहे. पंखा फोनवरून चालू-बंद करता येतो आणि त्यासाठी घरात असण्याची गरज नसते, हा शोध विहीणबाईंना आमच्याकडे जेवायला आल्या असताना लागला. वरणभात कालवता कालवता त्यांनी घड्याळ पाहिलं, व्याह्यांची दुपारची झोप पुरे झाली असा निष्कर्ष काढला आणि शनिवार पेठेत बसून हडपसरचा पंखा बंद केला. थोड्या वेळाने फोन आला. व्याही म्हणाले, "लाईट गेली." विहीणबाई म्हणाल्या, "आता येईल. गच्चीवरचं पापड काढा." त्यांनी गच्चीवरून पापड काढून आणले आणि लाईट आली. हे प्रकरण कित्येक महिने चाललं. व्याही वीजमंडळाला मनातल्या मनात शिव्या घालत राहिले. खरा प्रकार कळल्यावर ते रागावले नाहीत; त्यांनी फक्त खाट दुसऱ्या खोलीत नेली, जिथे जुना पंखा आहे.

रंगवाल्याने मात्र मला वैयक्तिक इजा केली. फोन भिंतीसमोर धरला की भिंत कुठल्या रंगात कशी दिसेल ते त्या ॲपमध्ये दिसतं. आमचा दिवाणखाना विहीणबाईंना आल्या दिवसापासून फिकट वाटत होता. त्यांनी फोन धरला, बोट फिरवलं, आणि भिंतीबरोबर भिंतीपुढे वर्तमानपत्र वाचत बसलेला मीही रंगलो. रंगाचं नाव कोवळा पिस्ता असं होतं. तो फोटो त्यांनी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. खाली फक्त 'पाव्हण्यांच्याकडं रंग' एवढंच लिहिलं. दोन दिवस मला तब्येतीची चौकशी करणारे फोन येत होते. बायकोने तो फोटो जपून ठेवला आहे. तिचं म्हणणं, इतका टवटवीत मी लग्नातही दिसलो नव्हतो.

कंपन्या हल्ली आपला अनुभव विचारतात आणि तारे द्यायला सांगतात. आपण तारे देतो आणि मोकळे होतो. विहीणबाई अनुभव विचारला की अनुभव सांगतात. चपलेवाल्याने विचारलं तेव्हा त्यांनी फोन तोंडाजवळ धरला आणि बोलून मजकूर लिहवला : चपला चांगल्या आहेत, त्या घालून आपण पुतणीच्या बाळाच्या बारशाला गेलो होतो, मांडव चांगला होता, पाळणा म्हणणाऱ्या बायकांना आवाज नव्हता, जिलबी कच्ची होती आणि घाईघाईत वाढली, पुतणीच्या सासूने साडी दिली ती परत कुणाला तरी देण्यासारखी होती, चप्पल डाव्या पायाला जरा लागते. तीन तारे. पाच तारे त्या कुणालाच देत नाहीत. "पाच दिल्यावर त्यो पुन्यांदा कशाला इचारील?" दुसऱ्या दिवशी कंपनीचं उत्तर आलं, की आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत. विहीणबाईंनी ते उत्तर पुतणीला पाठवलं. "चपलेवाल्यानं माफी मागितली. जिलबीवाल्यानं न्हाई." पुतणी अजून बोलत नाही म्हणतात.

आता फिनेलवाल्याचं सांगतो.

आमची लेक ज्या कंपनीत आहे ती दुसऱ्या कंपन्यांसाठी ॲप बनवून देते. लेकीला स्वतःच्या जबाबदारीवर मिळालेलं पहिलं काम म्हणजे फरशी पुसायच्या फिनेलचं ॲप. फिनेलला ॲप कशाला लागतं हे मी तिला विचारलं होतं, आणि तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा विचारलं नाही. ते ॲप रोज सकाळी विचारायचं, 'आज फरशी पुसलीत का?' आपण 'होय' दाबलं की पडद्यावर एक फरशी चकाकायची आणि तिच्यातून एक चांदणी निघून टिंग असा आवाज व्हायचा. रोज दाबत राहिलं की कधीतरी एक बाटली फुकट. लेकीने आमच्याही फोनवर ते घालून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने माझ्या बायकोला विचारलं, आज फरशी पुसलीत का. बायको म्हणाली, "हा कोण विचारणार?" आणि तिने ते काढून टाकलं.

देशभर हेच झालं. पहिल्यांदा घेणाऱ्याला बादली भेट होती. लोकांनी बादली घेतली आणि ॲप काढलं. एका रविवारी लेक आमच्याकडे आली ती तोंड एवढंसं करून. फिनेलवाले ॲप बंद करणार होते. फरशीबद्दल रोज बोलायला कुणाला हवं असतं, असं त्यांच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. तिच्या साहेबांनीही सूचकपणे सांगितलं होतं, की पुढचं मोठं काम दुसऱ्या कुणाला तरी द्यावं लागेल. ती रडली वगैरे नाही. तिने आमटीभात कालवला आणि तसाच ठेवला. आमच्या लेकीने आमटीभात टाकला म्हणजे गोष्ट गंभीर आहे हे आम्हाला कळतं.

आणि मग त्याच आठवड्यात तिचा फोन आला. आवाज वेगळाच होता. फिनेलवाल्यांनी बंद करण्यापूर्वी आकडे पाहिले, तर सगळीकडे शुकशुकाट, पण हडपसरच्या एका कोपऱ्यात बायका ते ॲप रोज सकाळी न चुकता उघडत होत्या. दिवाळीलाही. कंपनीला चेव आला होता. या बायका ते का सोडत नाहीत, एवढं कळलं तर तेच इतर गावांत करता येईल. कंपनीची माणसं प्रत्यक्ष त्या बायकांना भेटायला येणार होती.

"चांगलं झालं की मग," मी म्हणालो.

"बाबा, पत्ता आमच्याच सोसायटीचा आहे."

"बरं."

"बरं काय, बाबा. आई."

आई म्हणजे सासूबाई. लेकीने त्यांना विचारलंही होतं. त्या "मला काय म्हाईत" म्हणाल्या आणि शेंगदाणे भाजायला निघून गेल्या, यावरूनच तिचा संशय बळावला होता. तिची भीती खरी होती. स्वतःच्या घरातली माणसं लावून खोटे वापरणारे उभे केले असं कुणी म्हणालं, तर पुढचं कामच काय, असलेली नोकरी राखणंही अवघड. "तुम्ही या," ती म्हणाली. "आई तुमच्यासमोर जरा कमी बोलतात." हा तिचा गैरसमज होता, पण मी गेलो.

सोसायटीच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. बायका नटून आल्या होत्या, कुणी कुणी तर गजरा माळून. शेंगदाण्याचे लाडू आणि चहा यांची व्यवस्था अर्थातच विहीणबाईंची होती, पण त्या स्वतः मागच्या खांबाशी, कुणी पाहुणी असावी तशा उभ्या होत्या. फिनेल कंपनीच्या एक मॅडम आल्या होत्या, मराठी चांगलं बोलणाऱ्या, आणि त्यांच्याबरोबर टॅबलेटवर टिपणं घेणारा एक दाढीवाला तरुण. लेकीचे साहेब पुढे आणि लेक त्यांच्या मागे, नजर फरशीवर.

मॅडमनी हात जोडून विचारलं, "तुम्ही हे ॲप रोज वापरता. का वापरता, एवढंच आम्हाला समजून घ्यायचंय."

सगळ्या बायकांनी एकदम मागे वळून खांबाकडे पाहिलं. विहीणबाई छताकडे बघत होत्या.

मग पहिल्या रांगेतली एक आजी धीर करून म्हणाली, "आमच्या नातवाला ती चांदनी लागती. टिंग वाजल्याबिगर दूध पीत न्हाई." दाढीवाल्याने लिहून घेतलं. तिच्या शेजारच्या बाई निवृत्त शिक्षिका होत्या. त्या उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मुलगा-सून सकाळी घाईत असतात. दिवसभरात मला पहिला प्रश्न हाच विचारतो. म्हणून मी होय म्हणते. वास्तविक आमची फरशी कामाला येणाऱ्या मावशी पुसतात."

हॉलमध्ये गडबड सुरू झाली.

"म्हंजी तुमी न पुसताच व्हय दाबता?" पलीकडून एक धिप्पाड बाई म्हणाल्या.

"विचारतो 'पुसलीत का'. कुणी पुसली ते विचारत नाही."

"आमी गुडघं धरून पुसायचं आन् तुमी खुर्चीत बसून बाटली न्यायची?"

"तुमचा मॉपसुद्धा काठीचा आहे. गुडघे कसले धरता?"

आणखी एकीने कबूल केलं, की ती आधी 'होय' दाबते आणि मग खोटं बोलल्यासारखं वाटतं म्हणून पुसते. तिच्यामागची म्हणाली की तिने सुरुवातीला एकदा 'नाही' दाबलं होतं, तर चांदणी आली नाही, आणि दिवसभर चुकल्याचुकल्यासारखं झालं. मॅडमचे डोळे चकाकत होते. दाढीवाल्याची बोटं पुरत नव्हती. माझी लेक पहिल्यांदाच मान वर करून ऐकत होती. मलाही वाटलं, निभावलं.

तेवढ्यात मागच्या रांगेतली एक भाबडी बाई म्हणाली, "खरं सांगू का मॅडम, आमाला हे काय ठावं नव्हतं. हिनंच समद्यांच्या फोनात घालून दिलं. रोज सकाळी फोन करून इचारती, दाबलं का म्हनून." आणि तिने खांबाकडे बोट केलं.

बोटाच्या दिशेने वळून मॅडमनी विचारलं, "आपण कोण?"

"मी हितंच ऱ्हाते," विहीणबाई म्हणाल्या.

"आमच्या कंपनीशी आपला काही संबंध?"

विहीणबाई काही बोलायच्या आत माझी लेक उठली. ती सरळ उभी राहिली. "त्या माझ्या सासूबाई आहेत, मॅडम. हे सगळं त्यांनी केलंय हे मला माहीत नव्हतं. पत्ता पाहिल्यावर संशय आला होता. तो मी तेव्हाच बोलून दाखवायला हवा होता."

तिच्या साहेबांचा चेहरा पडला. मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. "म्हणजे या सगळ्या तुमच्याच ओळखीच्या. मग आम्ही इथे शिकायचं काय?"

खांबापासून विहीणबाई चालत पुढे आल्या. पदर खोचलेला होता. मी मध्ये काही बोलावं म्हणून लेकीने माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडात अख्खा लाडू होता.

"तिला काय बोलू नका," विहीणबाई म्हणाल्या. "तिनं मला सांगितलं न्हाई, मागितलं न्हाई. ती कुनाला काय सांगती व्हय? घुमी हाय ती. बापावर गेली."

"मग तुम्ही का केलंत हे?"

विहीणबाईंनी जरा विचार केला. "फिनेल तुमचं चांगलं हाय. वास उग्र हाय, तेवढा कमी करा." मग त्या थांबल्या, आणि पुढचं बोलताना मॅडमकडे न बघता खिडकीकडे बघत बोलल्या. "ही जेवनाच्या टेबलावर बसून ती चांदनी करत व्हती. कदी लई चमकायची, कदी चमकायचीच न्हाई. पुन्यांदा करायची. ताट गार व्हायचं. मला त्यातलं काय कळत न्हाई, मॅडम. पर पोरीनं पयल्यांदा भाकरी थापली, ती वाकडी का आसंना, घरात कुनी तरी खातंच का न्हाई? मी खाल्ली. यकटीनं किती खानार, म्हनून ह्या बायांना वाढली."

 मग पहिल्या रांगेतली आजी म्हणाली, "पर आता आमाला आवडती. बंद करू नका, प्वॉर दूध प्यायचं न्हाई." आणि शिक्षिका म्हणाल्या, "उद्यापासून मी स्वतः पुसेन, हवं तर." यावर धिप्पाड बाईंनी "बघू" एवढंच म्हटलं.

मॅडमनी पेन पुन्हा उचललं. त्या हसल्या नाहीत, पण चेहरा सैल झाला होता. त्यानंतर त्यांनी विहीणबाईंना बरंच काही विचारलं : सकाळी फोन केल्यावर नेमकं काय बोलता, कुणी रागावतं का. विहीणबाई उत्तरं देत होत्या आणि मधूनच दाढीवाल्याला गाव कुठलं, घरी कोण कोण, असं विचारत होत्या. निघेपर्यंत त्यांनी त्याच्यासाठी शेजारच्या मांजरी गावातली एक मुलगी नक्की केली होती. त्याने तेही लिहून घेतलं.

साहेब आणि मॅडम गाडीशी उभे राहून बोलत होते तेव्हा मी जवळच होतो. मॅडम म्हणत होत्या, की शिकण्यासारखं पुष्कळ मिळालं, पण पंचाईत अशी आहे की या बाईंना प्रत्येक गावात पाठवता येणार नाही. ते खरंच होतं. ॲप आणखी काही महिने चाललं आणि मग बंद झालं. लेकीच्या नोकरीला मात्र धक्का लागला नाही. त्याच मॅडमनी पुढच्या कामासाठी तिचंच नाव घेतलं. खरं बोलणारी मुलगी आहे, असं त्या साहेबांना म्हणाल्या म्हणे. फिनेलच्या नव्या बाटलीचा वास पूर्वीपेक्षा सौम्य आहे. ते विहीणबाई स्वतःचं यश मानतात आणि हडपसरमध्ये कुणाचीही त्याला हरकत नाही.

त्या दिवशी सासू-सुना एकमेकींशी त्याबद्दल काही बोलल्या नाहीत. "जेवून घे, गरम हाय," एवढं एकीने म्हटलं आणि दुसरी जेवली. मला गेटपर्यंत सोडायला आल्यावर लेक म्हणाली, "बाबा, मला वाटायचं, मी दिवसभर लॅपटॉपपुढे बसते म्हणजे काहीच करत नाही, असं आईंना वाटतं." घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. तिने मटार सोलता सोलता ऐकलं. सोलून झाल्यावर फोन माझ्यापुढे सरकवला. "ते फिनेलचं पुन्हा घालून द्या."

"विचारेल तो रोज."

"विचारू दे," ती म्हणाली. ते बंद होईपर्यंत तिच्या फोनवर होतं.

परवा संध्याकाळी मी सहज हडपसरला गेलो होतो. लेक कामावरून यायची होती. विहीणबाईंचे गुडघे हल्ली दुखतात, तरी त्या मला गच्चीवर घेऊन गेल्या. वाळत घातलेले कपडे काढायचे होते. चारी बाजूंना इमारती. आयटी पार्कातल्या मोठ्या काचेच्या इमारतीत मजल्यामजल्यावर दिवे लागत होते. विहीणबाईंनी चादरीची घडी घातली आणि हनुवटीने तिकडे दाखवलं.

"सूनबाई बसती ना, ती बिल्डिंग. ते समदं आमचंच रान व्हतं. अलीकडं मेथी, आन् आता गाड्या लावत्यात तिथं इहीर."

हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. लेकीलाही माहीत होतं की नाही, कोण जाणे. मी विचारलं, "वाईट वाटतं का?"

"वाटायचं," त्या म्हणाल्या. दिव्यांकडे बघत त्यांनी पुढची चादर दोरीवरून काढली. "आता ती रोज तिथनंच घरी येती. म्हंजी रानातनं येतंच हाय की काय तरी अजून."

खाली आल्यावर त्यांनी स्वयंपाकघरातून एक जुडी आणून माझ्या हातात दिली. "मेथी न्या. विकतची हाय, पर कवळी हाय." मी पिशवी आणली नव्हती. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली, आणि पेठेत उतरेपर्यंत ती जुडी मी तशीच मांडीवर धरून बसलो.